वळसंगच्या रानातील वेळा अमावस्या

थंड प्रदेशांत हिवाळ्याचे नाते घराशी असते. शिकागो किंवा टोरंटोसारख्या शहरात रात्रभर बर्फ पडला, की सकाळी शाळा बंद राहतात, रस्ते झाकले जातात आणि कुटुंब आपोआप एकत्र येते. मुले अंगणात बर्फाचा माणूस उभा करतात, स्वयंपाकघरात काही गोडधोड शिजते आणि रोजच्या धावपळीत एक दिवस अवचित मोकळा मिळतो. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला बर्फ आलेला नाही. मे महिन्यात 43-44 अंशांचे ऊन सोसणाऱ्या या भूमीत पहाटेचे धुके, ज्वारीच्या पात्यांवरचे दव आणि सकाळी नऊपर्यंत अंगावर राहणारी शाल एवढेच काय ते थंडीचे वैभव. तरीही असा एक मोकळा दिवस या भागालाही लाभला आहे. फरक इतकाच, की येथील थंडी माणसांना रानात बोलावते. त्या दिवसाचे नाव वेळा अमावस्या.

मार्गशीर्ष महिन्याची ही अमावस्या लातूर-धाराशिवकडे ‘येळवस’ म्हणून ओळखली जाते. सोलापूरच्या अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत आणि सीमेपलीकडील बिदर-कलबुर्गी भागात ती तेवढ्याच आस्थेने पाळली जाते. रब्बीचे पीक उभे असते, तूर भरलेली असते, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात. अशा वेळी शेतकरी कुटुंब घराला कुलूप लावून दिवसभर रानात जाते, काळ्या आईची पूजा करते आणि तेथेच जेवते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शेते गजबजतात. पंचांगाप्रमाणे तारीख मागेपुढे होते. 2024 या एकाच वर्षात ती दोनदा आली, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील मोठे गाव. सोलापूरहून कुंभारी ओलांडून अक्कलकोटकडे जाताना ते लागते. स्वामी समर्थांच्या दर्शनास निघालेल्या भाविकांच्या गाड्या या रस्त्याने वर्षभर धावत असतात. रस्ता आता चौपदरी झाला आहे, त्यामुळे पूर्वी ज्या शेतांजवळून बैलगाडी रेंगाळत जाई, ती शेते आज क्षणभर दिसतात आणि मागे पडतात. जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेले ‘मालदांडी 35-1’ हे वाण पुढे दख्खनच्या पठारावर सर्वदूर पसरले. सोलापूरकरांच्या ताटातील पांढरीशुभ्र भाकरी बहुधा त्याच कुळातील असते.

सोलापुरातील अनेक जैन व्यापारी कुटुंबांचा या रानांशी जुना संबंध आहे. मंगळवार पेठेतील भुसार, चाटी गल्लीतील कापड, मधल्या मारुतीजवळील किराणा अशा दुकानांची उलाढाल शेवटी पावसावर व कणसावर अवलंबून असे. गुजरातेतून आलेल्या हुमड कुटुंबांच्या घरात गुजराती, दुकानात मराठी आणि बाजाराच्या दिवशी कन्नड अशा तीन भाषा सहज नांदत. त्याची खूण एका साध्या पदार्थाच्या नावातही दिसते. कोवळ्या ज्वारीच्या भाजलेल्या दाण्यांना मराठी माणूस हुरडा म्हणतो, सुरतकडील माणूस पोंक म्हणतो, तर उत्तर कर्नाटकात त्यालाच सीतनी असे नाव आहे. वळसंगच्या शिवारात ही तिन्ही नावे एकाच आगटीभोवती ऐकू येतात.

अशाच एका कुटुंबाची वळसंगजवळ पाच एकर जमीन आहे. आजोबांनी ती घेतली, परंतु स्वतः कधी कसली नाही. गावातील एका कन्नडभाषक शेतकरी कुटुंबाकडे ती दोन पिढ्या बटईने आहे. आजोबांच्या पश्चात तिघा भावांची घरे वेगळी झाली, दुकानाची वाटणी झाली, पेठेतील जुने घरही विभागले गेले. शेताचा सातबारा मात्र अद्याप तिघांच्या नावे एकत्र आहे. थोरले बंधू पेठेतच आहेत, मधले नव्या वसाहतीत राहतात आणि धाकटे पुण्यास स्थायिक झाले आहेत. सण-समारंभ आपापल्या घरी होतात. तिन्ही घरे पूर्वीप्रमाणे एका पंगतीला बसतात ती वेळा अमावस्येलाच.

जानेवारी 2024 मध्ये या पंगतीवर एक सावट होते. 2023 चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला होता. 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट झालेला नाही. ज्वारी विहिरीच्या पाण्यावर कशीबशी तगली होती. त्यातच रस्ता रुंदावल्यापासून जमिनीचे भाव वाढले होते आणि जागेसाठी विचारणाही आली होती. शेत विकावे, असे धाकट्या बंधूंनी फोनवर सुचविले होते. बोलणे रानातच करू, असे थोरल्यांनी कळविले.

तयारी मात्र दोन दिवस आधीच सुरू झाली होती. जैन घरात सहलीचा डबा म्हणजे पदार्थांची यादी एवढेच नसते. प्रत्येक पदार्थामागे त्याची मर्यादा असते. दिगंबर आचारात दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5 दिवस आणि हिवाळ्यात 7 दिवस मानतात. त्यामुळे थंडी ही घरच्या सुगरणींची मैत्रीण ठरते. पाण्याचा अंश नसलेले तिळाचे व बेसनाचे लाडू आधी करून ठेवता येतात. शेंगपोळ्या मात्र त्याच पहाटे होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, गूळ, वेलदोडा आणि थोडी खसखस यांचे सारण भरलेली ही पोळी सोलापूरची खास ओळख आहे. शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली जाते. सोलापुरी चटणीचा प्राण लसूण मानला जातो, परंतु जैन घरांनी तो प्राण जिरे, तिखट व हिंग यांत शोधला आहे. दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटण्याची चिकाटी असली, की लसणाची उणीव जाणवत नाही.

आजींचा आदल्या दिवशी चतुर्दशीचा उपवास होता. सकाळी मंदिरात जाऊन आल्यावर त्यांचे पारणे झाले आणि नऊच्या सुमारास तीन मोटारी वळसंगकडे निघाल्या. आजींच्या मांडीवर दुकानातील जुनी पितळी तागडी होती. ती का, हे फक्त नातवंडांना ठाऊक होते.

शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप रचलेली होती. आत पाच दगडांना चुना लावून मांडले होते, हेच पांडव. त्यांच्यापुढे नैवेद्य ठेवला जातो, मग शेतकरी पिकातून फिरत चारी दिशांना अन्न व आंबील शिंपडतो. कन्नडमध्ये याला चरगा म्हणतात. पाखरे, किडामुंगी, उंदीर, ज्यांचा ज्यांचा या धान्यात भाग आहे, त्यांना तो आधी दिला जातो. पाहुणे कुटुंब पूजा करीत नाही, परंतु पादत्राणे काढून शांतपणे उभे राहते. पांडव जैन परंपरेलाही परके नाहीत. दिगंबर पुराणांनुसार युधिष्ठिर, भीम व अर्जुन शत्रुंजय पर्वतावरून मोक्षास गेले आणि नकुल-सहदेव सर्वार्थसिद्धीस गेले. आजींनी हे नातवंडांना हळू आवाजात सांगितले. चुन्याने माखलेल्या पाच दगडांकडे मुले मग निराळ्या नजरेने पाहू लागली.

विहिरीवर पाणी काढले गेले. दुहेरी जाड कापडातून ते गाळून घागरीत घेतले आणि कापडातील जीवाणी हलक्या हाताने पुन्हा त्याच विहिरीत सोडली. शहरात नळाखाली ज्या क्रियेचा अर्थ कळत नाही, तो येथे मुलांना न सांगता कळतो. ज्या पाण्यात जो जीव जन्मला, तो त्याच पाण्यात परत गेला पाहिजे. वळसंगच्या पाण्याला आणखी एक इतिहास आहे. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या गावी येऊन दलित बांधवांच्या विहिरीचे पाणी प्राशन केले होते. गावोगावच्या पाणवठ्यांवर माणसामाणसांत अंतर राखले जाई, त्या काळाची आठवण ती विहीर जपून आहे. सूक्ष्म जीवांची काळजी घेणाऱ्या समाजाने ही आठवणही मुलांना करून द्यावी, हे उचितच होय. या शेतातही आजोबांच्या काळी सावकाराची सतरंजी वेगळी आणि गड्यांची पंगत वेगळी असे. आता दोन्ही कुटुंबे एकाच लांब सतरंजीवर समोरासमोर बसतात. हा बदल कोणी ठराव करून केला नाही. एका वर्षी सतरंजी एकच आणली गेली आणि पुढे दुसरी आणण्याचे कोणास सुचले नाही.

भोजन दुपारी एकच्या आत मांडले गेले. वेळा अमावस्येचा मुख्य पदार्थ म्हणजे भज्जी. तुरीचे व हरभऱ्याचे हिरवे दाणे, वाल, घेवडा, मेथी, चाकवत असे शिवारात जे जे मिळेल ते एकत्र शिजवून हरभऱ्याच्या पिठाने घट्ट करायचे. सोबत बाजरीचे उंडे, तीळ लावलेली कडक भाकरी, गव्हाची खीर आणि आंबील. गावच्या भज्जीत गाजर, कांद्याची पात व लसूण असतोच. परंतु शेतकऱ्याच्या पत्नी, ज्यांना सर्वजण अक्का म्हणतात, एक लहान पातेले निराळे ठेवतात. त्यात कंद नाही, लसूण नाही, आंबटपणासाठी ताकाऐवजी चिंच. कच्च्या ताकाशी डाळीचे पीठ आले तर द्विदलाचा दोष लागतो, हे त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकविले होते. आंबीलही रात्रभर आंबवलेली नसे. त्याच सकाळी पीठ शिजवून, निवल्यावर त्यात ताजे ताक घातलेले असे.

“अक्का, एवढा त्रास दरवर्षी कशाला घेता?” मधल्या घरच्या काकी म्हणाल्या.

“तरास कसला, वहिनी? एक पातेलं जास्ती. तुमी येनार म्हनून तर भज्जी करायला हुरूप येतोय,” अक्का उत्तरल्या आणि शेंगपोळीचा तुकडा मोडून त्यांनी आपल्या नातीच्या तोंडात घातला.

दुसऱ्याच्या व्रताची एवढी निगा राखणे हे कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसते. अर्धेलीच्या नोंदी वहीत सापडतात, या पातेल्याची नोंद कोठे सापडणार?

दुपारनंतरचा वेळ मुलांचा होता. चिंचेच्या फांदीला झोका बांधलेला होता, बांधावर बोरे वेचली जात होती. एकेक बोर फोडून, आत कीड नाही हे पाहूनच खाण्याचा आजींचा नियम होता. त्यामुळे खाण्याहून पाहण्यातच अधिक वेळ गेला, आणि त्याचीही मुलांनी शर्यत केली. मग तागडी बाहेर आली. ज्वारीचे एक कणीस हाती घेऊन त्यातील दाणे किती भरतील ते नुसत्या अंदाजाने सांगायचे, नंतर दाणे काढून तोलायचे, असा हा खेळ. व्यापाऱ्यांची नातवंडे ग्रॅममध्ये आकडे सांगत होती. शेतकरी अप्पांनी कणीस तळहातावर दोनदा झेलले आणि शांतपणे आकडा सांगितला. तागडीचा काटा जवळजवळ तेथेच थांबला. पुण्याच्या शाळेत जाणाऱ्या नातवाने पुन्हा पुन्हा नवी कणसे दिली. अप्पा प्रत्येक वेळी जिंकले. थोरले बंधू हसून म्हणाले, “आमचा धंदा तागडीवर चालतो, अप्पांचा हातावर.”

चारच्या सुमारास आगटी पेटविण्यात आली. जमिनीत हातभर खड्डा करून त्यात गोवऱ्या रचतात. प्रत्येक गोवरी उन्हात आपटून, फोडून, आत मुंगी वा किडा नाही याची खात्री केल्यावरच ती आत गेली; कणसेही झटकून, निरखून घेतली. यत्नाचार म्हणतात तो हाच. ज्यांना एवढ्यानेही समाधान होत नाही अशा आजींसाठी घरून ज्वारीच्या लाह्या आणल्या होत्या. निखाऱ्यांत खोचलेली कणसे तडतडू लागली, की बाहेर काढून गरम असतानाच तळहातांवर चोळायची आणि फुंकर घालून कोंडा उडवायचा. हिरवट, चिकट, गोडसर दाणे ताटलीत पडतात. या शेतात विहिरीलगत गूळभेंडीच्या चार ओळी खास हुरड्यासाठी पेरलेल्या असतात. तिचे दाणे मऊ व गोड. कोणी गुळासोबत, कोणी शेंगदाण्याच्या चटणीसोबत, तर कोणी सुरतेच्या आठवणीची लिंबू-मिरी शेव घालून खाल्ले. शेव घेणाऱ्याने दही घेतले नाही आणि दही घेणाऱ्याने शेव, एवढे भान लहानांनीही राखले. ताटलीतील हुरडा वाढेपर्यंत संपत होता. चोळणाऱ्यांचे हात काळे झाले होते आणि खाणाऱ्यांचे ओठही.

अलीकडे सोलापूरच्या आसपास हुरडा पार्ट्यांचा व्यवसाय वाढला आहे. प्रवेश शुल्क भरावे, ध्वनिक्षेपकावर गाणी ऐकावीत, मांडवात हुरडा खावा आणि परतावे. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, शहरातील मुलांना कणीस पाहावयास मिळते. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तेथे पाहुण्याला काही आणावे लागत नाही आणि यजमानाला पाहुण्याचे व्रत ठाऊक नसते. वेळा अमावस्येच्या दिवशी दोन्ही बाजूंनी डबे उघडतात. हे बाजारात मिळणे अवघड आहे.

आगटी विझत आली तेव्हा धाकट्या बंधूंनी विषय काढला. त्यांचा हिशोब चोख होता. एकरी वीस लाख धरले तरी पाच एकरांचे एक कोटी होतात. सात टक्क्यांनी वर्षाला सात लाख व्याज. उलट यंदा बटईतून आठ-दहा क्विंटल ज्वारी आणि थोडा कडबा पदरी पडेल, त्याचे पन्नास हजारही होणे कठीण. व्यापारी घरात हा हिशोब खोडून काढणे अशक्य होते. त्यात त्यांनी एक धार्मिक पुरावाही जोडला: तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या मोजणीत क्षेत्र हेच पहिले सांगितले आहे; विकले तर तेवढा परिग्रह कमी होईल.

थोरल्या बंधूंनी परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतलेले होते. ते काही वेळ निखाऱ्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “क्षेत्रानंतर त्याच सूत्रात हिरण्य, सुवर्ण आणि धनही येते. शेत जाईल आणि ठेवीची पावती येईल. एका खात्यातून वजा, दुसऱ्यात जमा. परिग्रह आहे तेवढाच राहिला. दान करणार असशील तर आज सही करतो.”

धाकटे हसले. वादात हरल्याचे ते हसणे नव्हते. मोठ्या भावाचा हिशोबही आपल्याइतकाच पक्का आहे, हे ओळखल्याचे होते. मधल्या बंधूंनी व्यवहाराची बाजू मांडली. अप्पांचा मुलगा वळसंगातच राहून शेती करू इच्छितो, पण विहीर खोल केल्याशिवाय दुष्काळी वर्षात निभाव लागणार नाही. त्या खर्चात तिघांनी वाटा उचलला तर उत्पन्नही वाढेल. आणि कधीकाळी विकण्याची वेळ आलीच, तर कसणाऱ्यास आधी विचारावे. यावर कोणी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. आजी एवढेच म्हणाल्या, “विहिरीचं काम काढाल तेव्हा आधी पाणी उपसताना जीवांची सोय बघा.” निर्णय कोणत्या बाजूला कलतो आहे, हे सुनांच्या लक्षात आले.

भगवान ऋषभदेवांनी प्रजेस असि, मषी, कृषी, विद्या, वाणिज्य व शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे जैन परंपरा सांगते. त्यांतील कृषी व वाणिज्य ही दोन कर्मे शतकानुशतके एकमेकांच्या आधाराने चालत आली. आज धान्याचे भाव भ्रमणध्वनीवर कळतात आणि सौदे न पाहिलेल्या माणसांशी होतात. गावात दुकान राहिले नाही, कित्येकांचे शेतही राहिले नाही. अशा कुटुंबांनी निदान वर्षातून एक दिवस ज्या गावच्या धान्यावर आपली पेढी उभी राहिली, त्या गावी जावे. घरचा डबा न्यावा, तेथला घास घ्यावा आणि मुलांना मोकळे सोडावे. त्यासाठी शेत नावावर असणे आवश्यक नाही.

सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. त्याआधीच शेवटचा घास व शेवटचे पाणी झाले, भांडी आवरली गेली, आगटीवर माती लोटली. गावकरी संध्याकाळी पेटत्या पेंढीसह पिकाभोवती फेरी घालण्याच्या तयारीस लागले होते. मोटारीत बसण्यापूर्वी थोरल्या बंधूंनी पंचांग पाहिले आणि अप्पांना सांगितले, की पुढील वेळा अमावस्या 30 डिसेंबरलाच येते.

अप्पांनी बोटांवर दिवस मोजले. “मग हस्त गाठून चालायचं नाही, सावकार. हुरडा पाहिजे तर गूळभेंडी उत्तरा नक्षत्रातच टाकावी लागंल.”

“टाका,” थोरले म्हणाले.

“किती ओळी?”

थोरल्यांनी धाकट्या बंधूंकडे पाहिले. ते मोटारीचे दार धरून उभे होते. “सहा टाका, अप्पा,” ते म्हणाले. “यंदा चार कमी पडल्या.”